चार आण्यांची खार, बारा आण्यांची दारू

७ सप्टेंबर १८०४ रोजी आजच्या नेब्रास्का राज्यातल्या एका माळावर अमेरिकन लष्कराची तुकडी बिळांत पाणी ओतत बसली होती. पॅसिफिक महासागरापर्यंतची वाट शोधायला राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी धाडलेली लुइस आणि क्लार्क यांची हीच ती मोहीम. वाटेत त्यांना भुंकणाऱ्या खारींची अख्खी वसाहत लागली आणि महासागर दिवसभरासाठी बाजूला राहिला. आधी खोदून पाहिलं. सहा फूट खोदल्यावर आत काठी घातली, तर बीळ अजून अर्धंही झालेलं नव्हतं. मग पहाऱ्यापुरती माणसं ठेवून बाकी सगळे पिंपांनी पाणी वाहू लागले. दिवसाअखेर एक खार जिवंत हाती लागली. ती पुढच्या वर्षी बोटीने जेफरसनकडे रवाना झाली आणि चार महिन्यांचा प्रवास करून वॉशिंग्टनला पोचली, तीही धडधाकट!

तो प्राणी म्हणजे प्रेअरी डॉग. नाव कुत्र्याचं, जात खारीची, वजन किलोभर. आज त्याच माळांवर त्याच्या मागे लागलेला अमेरिकन माणूस पाणी वाहत नाही. तो तीनशे यार्डांवर गाडी थांबवतो, गोल फिरणारं टेबल उतरवतो, टेबलावर वाळूच्या पिशव्या रचतो आणि पिशव्यांवर जाडजूड नळीची रायफल निजवतो. शेजारी दुर्बीण, वारा मोजायचं यंत्र, डोक्यावर छत्री आणि डब्यांतून शेकडो काडतुसं. यातलं एकही काडतूस दुकानातून आलेलं नाही. सगळी हिवाळाभर घरच्या तळघरात बसून हातांनी भरलेली.

शेतीला त्रास देणाऱ्या अशा लहान प्राण्यांना अमेरिकेत सरसकट ‘व्हार्मिंट’ म्हणतात. पूर्वेकडे गवताच्या कुरणांत बिळं करणारा वुडचक, पश्चिमेला खडकांतला रॉक चक आणि सपाट माळावरचा प्रेअरी डॉग. बिळात पाय अडकून घोडा लंगडा होतो, गुरांचं गवत फस्त होतं, ही गुराख्यांची जुनी तक्रार. तक्रारीत तथ्य किती हा वेगळा वाद, पण तिच्या आधारावर एक अख्खा उद्योग उभा राहिला.

हरणाच्या शिकाऱ्याला अचूकतेची फारशी पर्वा नसते. हरीण मोठं, छाती रुंद, वर्षाकाठी झाडायच्या गोळ्या चार. दुकानातलं काडतूस त्याला पुरतं. प्रेअरी डॉग मात्र मागच्या पायांवर उभा राहिला तरी जेमतेम फूटभर, आणि रुंदीला चार बोटं. त्यात तो असतो चारशे पावलांवर. इथे नेम इंचभर चुकला तरी खार भुंकून शेजाऱ्यांना बातमी देते.

यावर विंचेस्टर कंपनीने १९३५ साली काढलेला तोडगा म्हणजे .२२० स्विफ्ट. नौदलाच्या जुन्या ६ मिलिमीटर ली रायफलचं काडतूस घेऊन त्यात तीन ग्रॅमची चिमुकली गोळी बसवली. वेग सेकंदाला ४११० फूट, म्हणजे साडेबाराशे मीटर. आवाजाच्या साडेतीन पट! एवढ्या वेगात गोळीला खाली पडायला सवडच मिळत नाही. शिकारी हरखले. थोड्याच दिवसांत दुसरी बातमी पसरली, की हे काडतूस नळ्या खातं. ही बदनामी काहीशी अतिरंजित होती, पण ती स्विफ्टला जन्मभर चिकटली.

तोवर हौशी मंडळी कंपन्यांची वाट बघत थांबली नव्हतीच. .२५० सॅव्हेज काडतुसाची मान आवळून त्यात .२२ ची गोळी बसवायचा उद्योग तिसाच्या दशकात घरोघरी चालू होता. जे. ई. गेबी नावाच्या कारागिराने तर त्याला ‘व्हार्मिंटर’ असं नाव देऊन ते नोंदवूनही टाकलं. रेमिंग्टन कंपनीने हेच काडतूस .२२-२५० म्हणून बाजारात आणलं ते १९६५ मध्ये. या क्षेत्रात संशोधन गॅरेजमध्ये होतं आणि कारखान्याला तीस वर्षांनी जाग येते.

गॅरेजच कशाला, लाँड्रीसुद्धा चालते. दुसऱ्या महायुद्धात सगळी शिसं-तांब्याची रसद आघाडीवर गेली आणि शिकाऱ्यांना गोळ्या मिळेनात. तेव्हा कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन याने वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत एक साचा बनवला. .२२ रिमफायरच्या उडवलेल्या पुंगळ्या त्यात दाबायच्या आणि त्यांचंच वेष्टन करून आत शिसं भरून नव्या गोळ्या काढायच्या. गोळ्या रॉक चकसाठी, म्हणून साच्याचं नाव ‘रॉक चक बुलेट स्वेज’. त्याची आद्याक्षरं म्हणजे आरसीबीएस, १९४३ पासून काडतुसं भरणाऱ्यांच्या टेबलावर असलेलं हिरव्या रंगाच्या यंत्रांचं घराणं. एवढी मोठी कंपनी एका बिळातल्या प्राण्याच्या नावाने चालते, हे तिच्या अनेक गिऱ्हाइकांच्या गावीही नसतं.

घरी काडतूस भरणं हा मुळात काटकसरीचा मामला. काडतूस म्हणजे पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी प्रायमर, पोटात दारू आणि तोंडात गोळी. बार झाल्यावर गोळी गेली, दारू जळली, पण सगळ्यात महाग असलेली पुंगळी शिल्लक राहते. ती पुन्हा भरली की निम्मे पैसे वाचतात. नवशिक्या हा हिशेब घरी सांगून पहिलं यंत्र आणतो. मग वाचलेल्या पैशांत तिप्पट काडतुसं उडतात, आणि तराजू, मायक्रोमीटर, वेग मोजणारं रडार यांचा खर्च हिशेबात धरायचा नसतो, कारण ती ‘एकदाच घ्यायची वस्तू’ असते.

खरा रोग त्यानंतर जडतो. एक पुंगळी हातात घ्या. फिनलंडच्या लापुआ कंपनीची, जगातल्या उत्तमांपैकी. तरी तिच्या मानेची जाडी सगळीकडे सारखी असेल याचा काय भरवसा? म्हणून ती एका छोट्या हात-लेथवर चढवून मानेवरचं पितळ तासायचं. किती तासायचं, तर इंचाचा दहाहजारावा भाग इकडचा तिकडे होता कामा नये. माणसाचा केस याच्या तीसपट जाड असतो. तासताना पितळाचे सोनेरी धागे बोटांवर जमतात, लेथ गरम होतं, गरम झालं की माप बदलतं, म्हणून थांबायचं. मग बुडाच्या छिद्रातली आतली खरखर काढायची. प्रायमरचा खळगा सपाट करायचा. वापरून वापरून मान कडक झाली की तिला आच देऊन नरम करायची. त्यासाठी विजेवर चालणारं यंत्र येतं आणि त्याची किंमत साध्या रायफलीपेक्षा जास्त असते. शेवटी पुंगळ्या वजनाप्रमाणे वेगळ्या काढायच्या. एवढं सगळं झाल्यावर काडतूस भरायची पात्रता येते. भरलेलं नसतंच अजून.

दारू ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आपल्या सोनाराच्या अर्ध्या गुंजेच्या आसपास. काटेकोर माणूस ग्रेनाच्या दहाव्या भागावर समाधानी राहत नाही. तो चिमट्याने दारूचा एक एक कण तराजूच्या पारड्यात टाकतो, आकडा हलला की दुसरा कण उचलतो. अशा वेळी खोलीतला पंखा बंद असतो, दार लावलेलं असतं आणि कुणी शिंकायचं नसतं.

गंमत अशी, की शंभर आणि दोनशे यार्डांवर जगातल्या सर्वांत अचूक गोळ्या मारणारे बेंचरेस्टचे (टेबलावर टेकवलेल्या रायफलीने नेम धरणारे) खेळाडू दारू बहुधा तोलतच नाहीत. होमर कल्व्हर याच्या नावाने ओळखलं जाणारं एक मापयंत्र ते टेबलाला लावतात, दांडा वर-खाली करतात, आणि जेवढी दारू पडेल तेवढी पुंगळीत. हवेतला ओलावा, ऊन बघून यंत्राचे एक-दोन खटके मागे-पुढे करायचे. भरणंही मैदानावरच, दोन फेऱ्यांच्या मध्ये. त्याच दहा-पंधरा पुंगळ्या दिवसभर पुन्हा पुन्हा भरल्या जातात. घरी दार लावून कण वेचणाऱ्याला हे सांगितलं की तो ऐकून घेतो, मान डोलावतो आणि पुन्हा चिमटा उचलतो.

हा बेंचरेस्टचा खेळही व्हार्मिंटच्याच घरातला. अमेरिकेतली त्याची राष्ट्रीय संघटना १९५१ पासूनची. रायफलींचे वर्ग ठरलेले आहेत: साडेदहा पौंडांपर्यंतची ‘लाइट व्हार्मिंट’, साडेतेरा पौंडांपर्यंतची ‘हेवी व्हार्मिंट’. या रायफलींनी जन्मात कधी खार पाहिलेली नसते. त्या फक्त कागद मारतात. पाच गोळ्या एकाच भोकातून गेल्या पाहिजेत, एवढीच माफक अपेक्षा. नेमबाज रायफलीला धड हातही लावत नाही. ती पिशव्यांवर आपली आपण पहुडलेली असते आणि तो साठ ग्रॅमच्याही आतल्या दाबाने चालणाऱ्या चापाला बोटाचं टोक टेकवतो.

आता पाचही गोळ्या खरोखर एकाच भोकातून गेल्या, तर पंचांनी काय करायचं? भोक एक, दावा पाचांचा. एखाद्याने एकच गोळी मारून चार खिशात ठेवल्या नसतील कशावरून? म्हणून लक्ष्याच्या मागे कागदाची एक पट्टी सावकाश सरकत असते. पुढच्या कागदावर पाच गोळ्यांचं एक भोक, मागच्या पट्टीवर पाच वेगळी भोकं, आणि मगच निकाल. नेम इतका चांगला लागायला लागला की माणसावरचा विश्वास उडाला, असं याचं वर्णन करता येईल.

सप्टेंबर १९७३ मध्ये मॅक मॅकमिलन याने शंभर यार्डांवर पाच गोळ्यांचा जो पुंजका मारला, त्याचं माप निघालं ०.००९ इंच. गोळ्यांच्या केंद्रांमधलं जास्तीत जास्त अंतर पाव मिलिमीटरच्या आत. हा विक्रम चाळीस वर्षं टिकला. २०१३ साली माइक स्टिनेट याने तो मोडला, ०.००७७ इंचाचा पुंजका मारून. नव्या नळ्या, नव्या दुर्बिणी, नव्या गोळ्या, संगणकावर चालणारं लेथ असं सगळं दिमतीला असताना मानवजातीने चाळीस वर्षांत गाठलेला पल्ला मिलिमीटरच्या तिसाव्या भागाइतका. पाच गोळ्यांच्या या खेळात नशिबाचा वाटा केवढा असतो, हे खेळाडूही मान्य करतात, फक्त दुसऱ्याच्या विक्रमाच्या बाबतीत.

वाऱ्याला दोष देण्याची सोय हा या खेळाचा मोठा आधार. तोही ह्यूस्टन शहरात काही रसिकांनी काढून घेतला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एका अवाढव्य गोदामात रात्रीच्या वेळी व्हर्जिल किंग आणि त्याचे दोस्त शंभर यार्डांवर नेम धरून बसत. आत वारा नाही, ऊन नाही, तापलेल्या जमिनीची लहरणारी हवा नाही. मैदानात गोळी बाजूला गेली की ‘झुळूक आली’ म्हणता येतं. गोदामात काय म्हणणार? नावाजलेल्या कित्येक रायफलींचं पितळ, शब्दशः, तिथे उघडं पडलं.

नळीकडे वळायला हवं, कारण या सगळ्या खटाटोपाचा पैसा शेवटी तिच्यात मुरतो. उत्तम स्टेनलेस स्टीलची कोरी नळी, आत हाताने घासून चकचकीत केलेल्या सर्पिल खाचा. ती मागवायची, महिनोन्महिने थांबायचं, मग बंदुकीच्या कारागिराकडून लेथवर चेंबर कापून घ्यायचं. बार होताना आतल्या वायूचं तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर जातं, आणि पोलाद दीड हजारांच्या आसपास वितळतं. दाब हवेच्या चार हजार पट. नळी टिकते ती फक्त हा प्रकार क्षणार्धात आटोपतो म्हणून. तरी चेंबरच्या लगेच पुढचा भाग, कारागीर ज्याला नळीचा घसा म्हणतात, तो दर बाराला थोडा जळतो. आत बारीक कॅमेरा घालून पाहिलं तर तिथे उन्हाळ्यात भेगाळलेल्या तळ्यासारखी जाळी दिसते. हा कॅमेरा विकत घेणारा माणूस पुढचे काही दिवस नीट झोपत नाही.

.२२ च्या बारीक भोकातून स्विफ्टएवढी दारू रेटली, की दीड-दोन हजार बारांत नळीची अचूकता ढळू लागते. आता जरा त्रैराशिक मांडू. गोळी चेंबरपासून तोंडापर्यंत यायला साधारण एक सहस्रांश सेकंद लागतो. गुणिले दोन हजार. म्हणजे जिच्यासाठी सहा महिने वाट पाहिली, जिला मखमलीसारख्या फडक्याने पुसलं, त्या नळीच्या उभ्या आयुष्यातलं प्रत्यक्ष काम भरतं दोन सेकंद.

त्यातलाही वेळ कसा जातो पाहा. नवी नळी आली की आधी तिला ‘मुरवायची’: एक बार, मग साफसफाई, पुन्हा एक बार, पुन्हा साफसफाई, असं पन्नासेक वेळा. याने काही होतं की नाही यावर दोन तट आहेत, आणि नळ्या जास्त खपाव्यात म्हणूनच हा विधी काढला असं उघड म्हणणारे कारागीरही आहेत. मग या नळीला कोणती दारू मानवते, त्याची तपासणी. मग किती दारू, त्याची. मग गोळी पुंगळीत किती खोल बसवायची, त्याची. कारण गोळीचं अंग आणि खाचांची सुरुवात यांतलं अंतर इंचाच्या काही हजारांशांनी बदललं तरी पुंजका फुलतो किंवा मिटतो. प्रत्येक तपासणीला पाच-पाच गोळ्यांच्या कित्येक फेऱ्या. अखेर सूत्र सापडतं. तोवर घसा जळून पुढे सरकलेला असतो. म्हणजे गोळी आणि खाचांमधलं अंतर बदललं. म्हणजे खोली पुन्हा जुळवणं आलं. नळीला काय आवडतं ते कळावं म्हणून नळीच खर्ची पडते, आणि जितकी खर्ची पडते तितकी तिची आवड बदलते. सुनेची परीक्षा घेता घेता घराणंच बदलावं, तसा हा प्रकार.

या वेडाची पुरती टर उडवली ती पी. ओ. अॅकली याने. कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाडच्या कॉलेजात बंदूक-कारागिरी शिकवलेला हा माणूस, काडतुसं फुगवण्यात आणि जुन्या रायफली मुद्दाम फोडून पाहण्यात हयात घालवलेला. ‘गन्स अँड अॅमो’ मासिकाच्या बॉब हटन यांच्यासाठी त्याने हत्तीच्या शिकारीला चालेल असं .३७८ वेदरबी मॅग्नम काडतूस घेतलं आणि त्याच्या तोंडात .२२ ची गोळी बसवली. सेकंदाला पाच हजार फूट ओलांडायचे होते. मजल गेली ४६०० पर्यंत. जर्मन ऐटीचं त्याचं नाव होतं ‘इअरगेस्प्लिटन लाउडनबूमर’. कानठळ्या बसवणाऱ्या या दांडगोबाच्या नळीचं आयुष्य किती, हे विचारण्यात अर्थ नव्हता.

वेगाची हाव गोळीलाही सोसत नाही. स्विफ्टच्या नळीतल्या खाचा चौदा इंचांत एक फेरा घेतात. त्या वेगाने निघालेली गोळी मिनिटाला दोन लाख गिरक्यांवर फिरते. वेष्टन फार पातळ असलं, तर ती वाटेतच फुटून हवेत राखाडी रेघ उमटते. लक्ष्यावर काहीच पोचत नाही. कागद कोरा, नेमबाज बधिर, खार पूर्ववत भुंकत.

महाराष्ट्राला नेमबाजीचं कौतुक आहे, पण आपल्या खेळाडूंना या व्याधीची बाधा होत नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्यपदक मिळवलं ते .२२ रिमफायर काडतुसांवर, आणि रिमफायर घरी भरताच येत नाही. तिचं प्रायमर बुडाच्या कडेत ओतलेलं असतं. लक्ष्याचं मधलं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. तिथे उभं राहून, गुडघ्यावर बसून आणि पोटावर झोपून ते टिपायचं असतं, पिशव्या आणि टेबल नाही. असे खेळाडू काडतुसं भरत नाहीत, निवडतात: कारखान्याच्या चाचणी मैदानावर आपली नळी शिकंज्यात आवळून वेगवेगळ्या खेपांची काडतुसं झाडून पाहायची आणि जी खेप नळीला मानवेल तिचीच खोकी घरी न्यायची. गोळीचा वेग आवाजाच्या आसपास, त्यामुळे नळी हजारो बारांनी थकत नाही. तेव्हा तिकीट तपासनीस असलेल्या कुसाळेला ते परवडतही होतं.

खारीची बाजूही नोंदवायला हवी. प्रेअरी डॉगची बिळं म्हणजे घुबडं, साप, कीटक यांची वसतिस्थानं, आणि काळ्या पायांच्या फेरेटचं तर ताटच. १९८१ मध्ये वायोमिंगच्या मीटित्सी गावाजवळ एका शेतावरच्या शेप नावाच्या कुत्र्याने एक मेलेला फेरेट उचलून आणला, तेव्हा नामशेष समजला गेलेला हा प्राणी अजून आहे हे शास्त्रज्ञांना कळलं. कुत्र्याकडे ना दुर्बीण होती ना रायफल. आज फेरेटच्या वस्त्या असलेल्या काही प्रदेशांत प्रेअरी डॉगवर गोळी झाडायला मनाई आहे; बाकी माळांवर टेबलं अजून लागतात. प्लेगने वसाहतीच्या वसाहती मरतात ते वेगळंच. ज्या प्राण्याला उपद्रवी ठरवून एवढी यंत्रसामग्री जमली, तो बहुतेक ठिकाणी स्वतःच अडचणीत आहे. रायफलवाल्यांना याचा फार फरक पडत नाही, कारण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं मन खारीवरून कधीच उडालंय. आता ती फक्त नळीवर जडलेली.

नळी संपली की कारागीर मागून इंचभर कापतो, नवं चेंबर पाडतो आणि आणखी काही शे बार मिळतात. त्यानंतर ती परसात टोमॅटोच्या वेलाला आधार म्हणून खोचायची, असं अमेरिकन नेमबाज म्हणतात आणि काही जण खरंच खोचतात. क्वचित मात्र एखादी नळी असामान्य निघते. तीच कंपनी, तेच पोलाद, तोच चेंबर कापणारा कारागीर, तरी या एकीतून गोळ्या एकमेकींवर चढून बसतात. असं का होतं, हे ती बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. बेंचरेस्टवाल्यांना दहा-वीस नळ्यांमागे अशी एखादी मिळाली तरी ते धन्य होतात. मग ते काय करतात? तीनचारशे बार होताच ती रायफलीवरून उतरवतात, टोकांना टेप चिकटवतात, टेपवर बारांची संख्या लिहितात आणि कपाटात बंद करून ठेवतात, मोठ्या स्पर्धेसाठी. वर्षभराच्या लहानसहान स्पर्धा दुय्यम नळीवर खेळायच्या आणि हरायच्या. मोठी स्पर्धा आली की कपाट उघडायचं, नळी चढवायची, दोन सेकंदांतला उरलासुरला वेळ मोजायचा, आणि त्या दिवशी नेमका असा वारा सुटतो की निशाणाच्या पट्ट्या चारही दिशांना फडफडत असतात.